विचारा की! : ज्वारीचा सातबारा लॅपटॉपवर

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले होते की ज्वारी, भात, मका, ऊस यांचे जीनोम आता घरबसल्या शेजारी शेजारी मांडून बघता येतात. ओळ लिहिली आणि विसरून गेले. तुम्ही नाही विसरलात. टपालाने आणि व्हॉट्सअॅपवर मिळून इतके प्रश्न आले की या महिन्याचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलं. गॅस, बचत खातं आणि केस गळतीवाल्यांनी एक महिना थांबा, रागवू नका.

ताई, मुलगी सोलापूरला एमएस्सी करते. ऐन सुगीत घरी आली आणि लॅपटॉप घेऊन ओसरीवर बसली, म्हणते मी ज्वारी आणि भात जुळवतेय. इथं ज्वारी काढायला माणूस मिळंना आणि ही ज्वारी पडद्यावर बघतीय. हे काय प्रकरण आहे? आणि आमच्या मालदांडी ज्वारीला याचा काय फायदा?
– एक शेतकरी, मंगळवेढा

दादा, पहिलं म्हणजे तिला रागवू नका. आणि दुसरं म्हणजे एक दिवस तिला रानात न्याच, कारण ज्याने कधी ज्वारी उपटली नाही त्याला ताटाची उंची हा नुसता आकडा वाटतो, तळहाताला पडलेले वळ वाटत नाहीत.

आता प्रकरण. ज्वारीच्या प्रत्येक पेशीत डीएनएचा एक लांबलचक मजकूर असतो, फक्त चार अक्षरांत लिहिलेला, ए, टी, जी आणि सी. ज्वारीत ही अक्षरं साधारण ७३ कोटी आहेत. हा सगळा मजकूर म्हणजे जीनोम. २००९ साली तो पहिल्यांदा वाचून प्रसिद्ध झाला. या मजकुरात मधे मधे कामाचे उतारे असतात, ते म्हणजे जीन, ज्वारीत सुमारे ३४ हजार. बाकीचा मजकूर बराचसा पुन्हा पुन्हा आलेला.

तुम्ही जमीनवाले आहात म्हणून तुमच्या भाषेत सांगते. जीनोमचा डेटाबेस म्हणजे ऑनलाइन सातबारा समजा. अख्ख्या पिकाची जमीन मोजून ठेवलीय, प्रत्येक जीनला गट नंबर दिलाय, तो कुठल्या गुणसूत्रावर आहे, कुठून कुठपर्यंत आहे, त्यात काय पिकतं म्हणजे कुठलं प्रोटीन तयार होतं, शेजारी कोण आहे, सगळं नोंदवलेलं. आणि फेरफार पण असतो बरं का. गंमत बघा, जमिनीच्या फेरफाराला इंग्रजी कागदावर म्युटेशन म्हणतात आणि जीनमधल्या बदलालाही म्युटेशनच म्हणतात. तलाठ्याला आणि शास्त्रज्ञाला एकच शब्द सापडला.

तर तुमची मुलगी काय करतीय, तर ज्वारी गावचा सातबारा आणि भात गावचा सातबारा शेजारी ठेवून बघतीय की कुठला गट कुठल्या गटाशी जुळतो. जुळतात का, तर जुळतात, आणि इतके जुळतात की पहिल्यांदा बघताना खरं वाटत नाही. भात आणि ज्वारी साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, एकाला चिखल लागतो दुसऱ्याला चिखल सहन होत नाही, तरी जीन एकामागोमाग एक कुठल्या क्रमाने बसलेत तो क्रम लांबच लांब पट्ट्यांमध्ये अजून तोच आहे. भाताची गुणसूत्रं १२, ज्वारीची १०. मग दोन गेली कुठं? कुठं गेली नाहीत. भाताचं १० नंबरचं गुणसूत्र ज्याच्याशी जुळतं तो अख्खा तुकडा ज्वारीत भाताच्या ३ नंबरशी जुळणाऱ्या तुकड्याच्या मधोमध जाऊन बसलाय, आणि ९ नंबरचा ७ नंबरच्या पोटात. ज्वारीची पहिली दोन गुणसूत्रं अशी बनलीयत. आपल्याकडे एकत्रीकरणात दोन सर्वे नंबरांचा एक गट झाला ना, डिट्टो तेच, फक्त इथं भांडायला भाऊबंद नव्हते.

याचा उपयोग काय ते एका उदाहरणात सांगते. रानटी गवताचे दाणे पिकले की झडून पडतात, त्यांना पसरायचंच असतं. माणसाला ते चालत नाही, कणीस खळ्यावर येईपर्यंत दाणा कणसातच पाहिजे. ज्वारीत दाणा झडणार की कणसातच राहणार हे ठरवणारा जीन २०१२ साली सापडला, त्याचं नाव एसएच१. मग संशोधकांनी भातात आणि मक्यात त्याचा जोडीदार शोधला, तर तिथेही त्याच जीनमध्ये फेरफार झालेला. आफ्रिकेत ज्वारी, आशियात भात, मेक्सिकोत मका, तीन ठिकाणच्या शेतकऱ्यांनी एकमेकांचं तोंड न बघता हजारो वर्षांपूर्वी एकाच जीनवर बोट ठेवलं. शेतातलं काम आधी झालं, आणि ते काय झालं होतं हे जीनोम शेजारी ठेवून बघितल्यावर कळलं.

मालदांडीला काय फायदा हेही तुम्ही पत्रात विचारलंय, त्यावर शेवटी येते, तिथे मला थोडं भांडायचंय.

मॅडम मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी ज्वारीच्या उंचीचा जीन घेतला. पेपरमध्ये जीनचा नंबर एसबी०७जी०२३७३० असा दिला होता, तो साइटवर टाकला तर काहीच येईना. मग मक्याच्या जीनवरून ब्लास्ट केलं तर वीस-पंचवीस निकाल आले आणि सगळेच चांगले दिसतायत. यातला खरा कुठला? सर म्हणाले पहिला घे. घेऊ का?
– एक विद्यार्थिनी, पंढरपूर

अगं थांब, पहिला घेऊ नकोस, निदान एवढ्यावर तरी नको.

आधी नंबरचं बघू. वरच्या दादांना सांगितलं तसं हा गट नंबर आहे, आणि तुझ्या पेपरमधला जुना सर्वे नंबर आहे. ज्वारीचा जीनोम पहिल्यांदा आला तेव्हा जीनला एसबी०७जी०२३७३० असे नंबर दिले होते. नंतर जीनोम सुधारून परत लावला गेला आणि नवीन नंबर आले, तुझ्या जीनचा नवीन नंबर सोबिक.००७जी१६३८००. वाचायची पद्धत सोपी आहे, सोबिक म्हणजे सोरघम बायकलर हे ज्वारीचं शास्त्रीय नाव, ००७ म्हणजे सातवं गुणसूत्र, जी म्हणजे जीन, पुढे गुणसूत्रावरचा क्रम. बहुतेक साइटवर त्या जीनच्या पानावर जुनं नावही दिलेलं असतं पण शोधताना कधी सापडतं कधी नाही. एखाद्या साइटला सर्वे नंबर कळतो, एखादीला नाही, आपल्या कचेऱ्यांसारखंच.

आणि नुसता नंबर नाही, जागाही बदलते. मी स्वतः यात पडलेय म्हणून सांगते. खूप वर्षांपूर्वी एका ठिकाणी प्रोजेक्टवर होते तेव्हा एका जुन्या तक्त्यातून जीनची जागा घेतली, म्हणजे अमुक गुणसूत्र, अमुक अक्षरापासून अमुक अक्षरापर्यंत, आणि मजकूर मात्र नवीन आवृत्तीतून कापून घेतला. त्यावरून प्रायमर मागवले, म्हणजे हवा तो तुकडा दोन्ही टोकांना पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे. तीन आठवडे रोज पीसीआर, म्हणजे त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायचं मशीन, लावतेय, कधी काहीच नाही, कधी भलत्याच लांबीची पट्टी. मॅग्नेशियम बदल, तापमान बदल, डीएनए परत काढ, एकदा तर मशीनला शिव्या दिल्या. शेवटी शेजारच्या मुलीने खांद्यावरून बघितलं आणि विचारलं, ताई ही व्हर्जन कुठली? त्या एका प्रश्नावर मी तशीच जाऊन चहा पिऊन आले कारण उत्तर मला कळलं होतं. जुन्या मोजणीच्या खुणा धरून नव्या नकाशावर विहीर खोदली की शेजाऱ्याच्या रानात लागते. तेव्हा वहीत पहिल्या पानावर जीनोमची आवृत्ती लिही, अॅनोटेशनची, म्हणजे कुठला जीन कुठे या नोंदींची, आवृत्ती लिही, तारीख लिही.

आता ब्लास्ट. हे १९९० पासून चालत आलेलं अवजार आहे, तू एक मजकूर देतेस आणि ते अख्ख्या डेटाबेसमधून त्याच्यासारखे तुकडे काढून देतं. त्यासारखे, लक्षात घे. सारखं दिसणं आणि तोच असणं यात फरक आहे. तू बघितलास तो ई-व्हॅल्यू काय सांगतो, तर इतक्या मोठ्या डेटाबेसमध्ये इतकं साम्य निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडेल. तुझे सगळे निकाल शून्याच्या जवळ असतील, म्हणजे एकही योगायोग नाही, सगळे नातेवाईकच आहेत. पण नातं कुठलं हे ई-व्हॅल्यू सांगत नाही.

तुझा जीन डीडब्ल्यू३. तो पेशीतून ऑक्सिन हे संप्रेरक बाहेर ढकलणारं एक प्रोटीन बनवतो, आणि अशा ढकलणाऱ्या प्रोटीनचं घराणं झाडांमध्ये प्रचंड मोठं, शंभरच्या वर. म्हणून तुला पंचवीस निकाल आले. तुला त्यातला मक्याच्या जीनचा तोच भाऊ हवाय जो मका आणि ज्वारी वेगळे होण्याआधी एकच होता, याला ऑर्थोलॉग म्हणतात. बाकीचे पॅरालॉग, म्हणजे एकाच पिकात जीनची नक्कल होऊन झालेल्या वाटण्या. वाटणी झाली की काय होतं तुला माहितीय, एक भाऊ तेच रान करतो, दुसरा दुकान टाकतो, तिसऱ्याचं पडीक राहतं.

तर ओळखायचं कसं? एक, उलट ब्लास्ट कर, ज्वारीचा जीन घेऊन मक्यात शोध, परत त्याच जीनवर आलीस तर बरं. मग निकालात साम्य किती टक्के आहे याच्यासोबत ते जीनच्या किती लांबीवर आहे ते बघ, कारण दोनशे अक्षरांत ९५ टक्के आणि बाकी हजारात काहीच नाही असले निकाल वर येऊन बसतात. त्यानंतर ग्रामीन किंवा एन्सेम्बल प्लांट्स या साइटवर त्या जीनच्या पानात जीनचं वंशझाड तयार असतं, ते उघड, तिथे कुठली फांदी नक्कल होऊन फुटली आणि कुठली पीक वेगळं झाल्यामुळे फुटली हे वेगवेगळ्या रंगाच्या ठिपक्यांनी दाखवलेलं असतं. आणि शेवटी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, चतुःसीमा बघ. खरेदीखतात नुसता गट नंबर लिहून भागत नाही ना, पूर्वेला कोण, पश्चिमेला ओढा, दक्षिणेला कोणाची विहीर, हे लिहावं लागतं. तसंच तुझ्या मक्याच्या जीनच्या डाव्या बाजूचे दहा आणि उजव्या बाजूचे दहा जीन बघ आणि ज्वारीतल्या उमेदवाराच्या आजूबाजूला तेच शेजारी त्याच क्रमाने आहेत का बघ. याला सिंटेनी म्हणतात. शेजारी जुळले की निकाल पक्का धर.

एक खाचखळगा सांगून ठेवते. ज्वारीपासून वेगळं झाल्यावर मक्याचा अख्खा जीनोम एकदा दुप्पट झालाय, त्यामुळे ज्वारीच्या एका पट्ट्याला मक्यात दोन पट्टे जुळतात, दोन्हीकडे अर्धेअर्धे शेजारी गायब. घाबरू नकोस, ते बरोबरच आहे.

आणि तुझा जीन निवडताना तू नकळत झकास निवडलायस. २००३ साली दाखवलं गेलं की मक्यातला बुटका ब्रॅकिटिक२ आणि ज्वारीतला बुटका डीडब्ल्यू३ हे एकाच जीनचे बिघाड आहेत. ज्वारीतला बिघाड कसा, तर जीनमधला ८८२ अक्षरांचा तुकडा लागोपाठ दोनदा आलाय, एखाद्या अंकात आमच्या छापखान्यात तोच परिच्छेद दोनदा छापला जातो तसा. मजा पुढे आहे, पेशी विभागताना दोन सारखे तुकडे एकमेकांवर घसरतात आणि अधूनमधून जादाचा तुकडा गळून जातो, मजकूर परत बरोबर होतो, आणि बुटक्या ज्वारीच्या सपाट रानात मध्येच एखादं ताट डोकं काढून उभं राहतं. लोक म्हणतात बियाणात भेसळ. दरवेळी भेसळ नसते. हे तुझ्या प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर टाक, परीक्षक जागा होईल.

नमस्कार, गव्हाचा जीनोम माणसापेक्षा मोठा असं वाचलं. छापायची चूक का?
– एक निवृत्त शिक्षक, बार्शी

चूक नाही सर. माणूस ३१० कोटी अक्षरं, गहू १,६०० कोटीच्या आसपास, भात अवघा ३९ कोटी, मका २३० कोटी. गव्हाचं कारण असं की त्यात तीन गवतांचे जीनोम एकत्र नांदतायत म्हणून जीनही लाखाच्या वर. मक्याचं वेगळं, त्यात जीन ज्वारीपेक्षा फार जास्त नाहीत पण जीनोमचा ८५ टक्के भाग उड्या मारणाऱ्या तुकड्यांनी भरलाय, ज्यांचा शोध बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यातच लावला आणि १९८३ साली नोबेल घेतलं. जाडजूड वही म्हणजे हुशार पोरगं असं नसतं हे तुम्हाला मी काय सांगणार.

मी आयटीमध्ये आहे, होटगी रोडला घरून काम करतो. पायथन येतं. बहिणीला पीएचडीत मदत करायचीय. कुठल्या साइट, पैसे लागतात का, मशीन केवढं लागेल?
– एक वाचक, सोलापूर

बघायला आणि एकेक जीन शोधायला साधा लॅपटॉप पुरतो, सगळं ब्राउझरमध्येच आहे. ज्वारीचा पूर्ण मजकूर उतरवून घेतला तरी ७० कोटी अक्षरं म्हणजे एका जुन्या सीडीत मावेल एवढी फाइल, तुम्ही रात्री बघता त्या सिनेमापेक्षा लहान. अख्खे जीनोम एकमेकांवर जुळवायचे असतील तेव्हा मात्र सर्व्हर लागतो, नाहीतर गॅलक्सी नावाचं फुकट वापरायला मिळणारं ठिकाण आहे तिथे काम टाका आणि जेवून या.

साइट म्हणाल तर फायटोझोम, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या जॉइंट जीनोम इन्स्टिट्यूटची, बघणं खुलं पण फाइल उतरवायला फुकट खातं काढावं लागतं. एन्सेम्बल प्लांट्स ब्रिटनची, तिच्यात बायोमार्ट म्हणून एक सोय आहे, ज्वारीचे हजार जीन टाका आणि भातातले त्यांचे जोडीदार एका तक्त्यात घ्या, तुमच्यासारख्याला हेच आवडणार. तिथे एपीआय पण आहे. ग्रामीन अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेची, हिचं नाव ऐकून आमच्या घरात एकाने विचारलं होतं की कर्ज देतात का, तर नाही हो, ग्रॅमिनी म्हणजे गवतांचं कुळ त्यावरून नाव आहे, ग्रामीणशी संबंध नाही. ज्वारीपुरती सोरघमबेस, मक्याला मेझजीडीबी, तूर-हरभऱ्याला लेग्यूम इन्फॉर्मेशन सिस्टिम. बेल्जियमची प्लाझा जीनची घराणी बघायला छान. दोन जीनोमचा ठिपक्यांचा नकाशा काढायला कोजी, त्यात तिरप्या रेषा दिसल्या की समजायचं क्रम जुळला, रेषा उलटी तिरपी असेल तर तो तुकडा उलटा बसलाय. आपल्याकडे फरिदाबादला २०२२ साली इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर सुरू झालंय, भारतातला डेटा तिथे ठेवतात.

एक विनंती. तुम्ही आयटीवाले पहिल्या दिवशी स्क्रिप्ट लिहिता आणि तिसऱ्या दिवशी दहा हजार जीनचा निकाल काढता. आधी पाच जीन हाताने बघा, बहिणीला शेजारी बसवून. स्क्रिप्टला चूक कळत नाही, ती फक्त वेगाने करते.

उसाचा जीनोम इतका उशिरा का आला? आमच्याकडे सगळा ऊस ८६०३२ वाणाचा आहे, त्याला याचा उपयोग होईल का?
– एक ऊस बागायतदार, अकलूज

कारण ऊस हा जीनोमवाल्यांसाठी डोकेदुखी आहे. भातात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती, उसात आठ, दहा, बारा, आणि त्याही दोन वेगवेगळ्या जातींच्या संकरातून आलेल्या, त्यामुळे कुठली प्रत कुठल्या जातीची आणि किती प्रती हे गुणसूत्रागणिक बदलतं. रियुनियन बेटावरचा आर५७० हा वाण घेऊन काम झालं, त्यात ११४ च्या आसपास गुणसूत्रं आणि साधारण १,००० कोटी अक्षरं. बारा जवळपास सारख्या जिगसॉ कोड्यांचे तुकडे एकाच पोत्यात ओतले आणि म्हणालं लावा, असं ते काम. पूर्ण जुळणी २०२४ साली प्रसिद्ध झाली.

मग इतकी वर्षं उसवाल्यांनी काय केलं? ज्वारी वापरली. ऊस आणि ज्वारी अगदी जवळचे, वेगळे होऊन एक कोटी वर्षंही झाली नाहीत, आणि ज्वारी साधी सरळ, दहा गुणसूत्रांची. त्यामुळे उसात एखादा गुण कुठं आहे हे शोधायचं तर ज्वारीच्या नकाशावर बोट ठेवून चालायचं, स्वतःचा नकाशा नसेल तर चुलत्याच्या नकाशावरून बांध शोधायचा. तांबेऱ्याला दाद न देणारा बीआरयू१ हा भाग असाच ज्वारी आणि भाताचा आधार घेऊन अरुंद करत नेला, आणि नेमके जीन २०२४ च्या जुळणीत हाती लागले. तुमच्या ८६०३२ ला उद्या उपयोग होणार नाही, पण पुढचा वाण निवडताना रोपवाटिकेतच पानाचा तुकडा तपासून तांबेरा सोसणारं रोप कुठलं हे ओळखता येतं, एवढा उपयोग नक्की आहे.

डाळिंबाचा जीनोम झालाय म्हणे. मग तेल्या रोगावर औषध डेटाबेसमध्ये सापडेल का? तीन वर्षं झाली बाग हातात येईना.
– एक डाळिंब उत्पादक, सांगोला

भाऊ, नाही सापडणार, आणि कोणी तसं सांगून काही विकत असेल तर घेऊ नका.

जीनोम झालाय हे खरं. चिनी शास्त्रज्ञांनी २०१७ च्या सुमाराला प्रसिद्ध केला, आणि परत २०२० मध्ये मऊ दाण्याच्या ट्युनिशिया या वाणाचा, ३० कोटी अक्षरांच्या आसपास, म्हणजे छोटाच. तेल्या करणारा जिवाणू झँथोमोनास कुळातला. याच कुळातला एक भाऊ भातावर जिवाणूजन्य करपा आणतो, आणि तिथे गोष्ट छान उलगडलीय, तो जिवाणू भाताच्या पेशीत एक प्रोटीन सोडून भाताचाच साखर बाहेर सोडणारा स्वीट नावाचा जीन चालू करतो आणि आयती साखर खातो. ज्या भातात त्या जीनच्या बटणाच्या जागेचा मजकूर बदललेला आहे तिथे बटण दाबलंच जात नाही, रोग येत नाही. आता डेटाबेसमध्ये डाळिंबातले स्वीट जीन काढणं हे अर्ध्या तासाचं काम. पण भातातला चोर ज्या दाराने शिरला त्याच दाराने डाळिंबातला शिरतो असं धरून चालता येत नाही, जिवाणू वेगळा आहे. ते संशोधकाला शोधायची दिशा देतं, तुमच्या बागेला या बहाराला काही देत नाही.

या बहाराला तुम्ही केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात जा, सोलापूरजवळच आहे. रोगट फांद्या छाटून बागेबाहेर नेऊन जाळा, आणि कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना जंतुनाशकात बुडवून घ्या. कात्री बुडवणारा माणूस दुपारनंतर कंटाळतो, तेव्हा तिथे उभं राहा.

जीनोम वाचला म्हणजे पीक जीएम, म्हणजे जीन बदललेलं, झालं का? आमच्या ग्रुपवर वाद चाललाय.
– एक गृहिणी, सोलापूर

नाही. वाचणं वेगळं, बदलणं वेगळं. तुमचा सातबारा कोणी वाचला म्हणून जमीन त्याची झाली का? ग्रुपवर एवढंच टाका आणि म्यूट करा.

शाळेच्या मागे थोडी जागा आहे, तिथे मी गुळभेंडी आणि कुचकुची या हुरड्याच्या ज्वाऱ्या लावतो, मुलांना हुरडा खायला घालतो. मुलांनी विचारलं सर, गुळभेंडी गोड का? मी जीनोमच्या साइटवर गेलो, ज्वारी उघडली, पण गुळभेंडी नाही, मालदांडी नाही, नुसतं बीटीएक्स काहीतरी. आपली ज्वारी कुठाय?
– एक शिक्षक, मोहोळ

सर, याच प्रश्नाची वाट बघत होते.

तुम्ही उघडलंत ते बीटीएक्स६२३, टेक्सासचं वाण, कंबाईन मशीनने कापता यावं म्हणून बुटकं ठेवलेलं. जगाला ज्वारीचा नकाशा म्हणून जो माहीत आहे तो याचा. आणि तुम्ही राहता कुठे, मोहोळला, जिथल्या केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून एम ३५-१ निवडून काढला गेला, जो अजून आपल्या रब्बीचा कणा आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याला ताट उंच पाहिजे कारण कडबा पाहिजे, दोन जनावरं असतील तर दाण्याइतकाच कडब्याचा हिशोब असतो. टेक्सासमध्ये कडब्याला कोण विचारतंय. म्हणजे ज्याला डेटाबेस नमुना म्हणतो तो आपल्या दृष्टीने नापास वाण आहे.

हे नुसतं अभिमानाचं म्हणून बोलत नाहीये, त्यात कामाची गोष्ट आहे. समजा उद्या कोणी तुमच्या गुळभेंडीचा डीएनए वाचला. मशीनमधून छोटे छोटे तुकडे येतात आणि ते बीटीएक्सच्या नकाशावर बसवतात. जे तुकडे त्या नकाशावर कुठेच बसत नाहीत ते बाजूला पडतात. आता गुळभेंडीचं वैशिष्ट्य नेमकं त्या बाजूला पडलेल्या ढिगात असेल तर? टेक्सासच्या ज्वारीत जो जीनच नाही तो टेक्सासच्या नकाशात दिसणार कसा. हे संशोधकांनाही कळलंय, म्हणून २०२१ मध्ये लागवडीच्या आणि रानटी अशा अनेक ज्वाऱ्यांचे जीनोम एकत्र करून पॅनजीनोम प्रसिद्ध झाला, आणि त्यात स्वच्छ दिसलं की बरेच जीन सगळ्या ज्वाऱ्यांत नसतातच, काहींत असतात काहींत नसतात. सोरघमबेसवर एकापेक्षा जास्त ज्वाऱ्या बघता येतात त्या यामुळेच. वरच्या मंगळवेढ्याच्या दादांना माझं उत्तर हेच, त्यांच्या मुलीने भाताशी जुळवून झालं की बीटीएक्सच्या पुढे जाऊन मालदांडीशी जुळवायला शिकावं, घरचंच बियाणं आहे.

आता गोडीचं. हुरडा गोड लागतो कारण दाणा दुधात असताना साखरेचं पिठूळ स्टार्च अजून पूर्ण झालेलं नसतं, चार दिवस उशीर केला की मालदांडी काय आणि गुळभेंडी काय, दोन्ही दगड. पण गुळभेंडी त्याच अवस्थेत जास्त गोड असते हे खाणाऱ्याला माहीतच आहे. मुलांना घेऊन एक खेळ करा. स्वीटकॉर्न गोड का, तर त्यात स्टार्च बनवायच्या कामातला एखादा जीन बिघडलेला असतो, एका प्रकारात त्याचं नाव शुगरी१, दुसऱ्यात श्रंकन२. ग्रामीनवर मका उघडा, शुगरी१ शोधा, त्याच्या पानावर ज्वारीतला जोडीदार कुठला ते बघा, मग पंढरपूरच्या मुलीला सांगितलं तसे शेजारी जुळतात का बघा. पोरांना अर्ध्या तासात ज्वारीतला एक संशयित जीन सापडेल. तो संशयितच, गुळभेंडीत तोच बिघडलाय असं कुठंही लिहू नका, ते डीएनए वाचल्याशिवाय कळणार नाही. आठवीच्या पोरांना संशयित आणि गुन्हेगार यातला फरक चांगला कळतो, बातम्या बघतात ती.

आणि सोलापुरातच रब्बी ज्वारीचं केंद्र आहे, हैदराबादच्या भारतीय भरडधान्य संशोधन संस्थेचं. तिथे एकदा मुलांना घेऊन जा आणि जाताना बियाणं न्या. पण नेण्याआधी एवढं करा. ज्वारी बहुतेक स्वतःच स्वतःचं परागण करते, तरी शेजारच्या ताटाचे पराग थोडेफार येतातच, आणि तुम्ही गुळभेंडी, कुचकुची शेजारी शेजारी लावता. तेव्हा ज्वारी पोटरीतून निसवली की फुलोरा सुरू व्हायच्या आत पाच-सहा चांगल्या कणसांवर कागदी पिशवी घालून दोऱ्याने बांधा, दाणा भरायला लागला की पिशवी काढा नाहीतर अळ्या होतात, आणि त्या कणसांचं बियाणं वेगळं ठेवा. पिशवीवर पेन्सिलने लिहा, पेनची शाई दवात पसरते. वाण, ओळ नंबर, पेरणीची तारीख, बियाणं मुळात कोणाकडून आणलं. ते शेवटचं विचारून घ्या, म्हातारी माणसं आहेत तोवर.

पुढच्या पत्रासोबत कणसाचा फोटो पाठवा, दाणा दुधात असतानाचा. हुरडा पाठवायला हरकत नाही, पण तो टपालाने नको.